घाटावरच्या सरदाराचं गलबत

आता हसायचं तर खुशाल हसा, पण माझं लग्न एका बुडालेल्या गलबतापायी मोडता मोडता राहिलं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला वेड एकच, कोकण किनाऱ्यावर वादळात बुडालेली मराठ्यांची लढाऊ गलबतं! राहायचं कोल्हापुरात, समुद्र घाटापलीकडं, आणि मी जुने कागद चाळत गलबतं शोधतोय. कुठलं कुठं बुडालं, याबद्दल दोन कागदांचं एकमत असेल तर शपथ!

मामांनी मलकापूरचं स्थळ आणलं. बघायला गेलो. मुलगी बघताक्षणी आवडली. पोहे झाले, चहा आला, आणि तिच्या वडिलांनी विचारलं, "पावणं, नोकरीबिगर आनि काय करतासा?"

झालं! सुटलो की मी. एका गलबताची गोष्ट रंगवून सांगितली. कागदात सरदाराचं नाव नव्हतं, मग भीती कुणाची?

"खलाशांचा म्होरक्या तांडेल सांगत होता, वादळ येणार, गलबत काढू नका. पण सरदार पडला घाटावरचा! उभ्या जन्मात समुद्र बघितलेला नाही. म्हणाला, हाकला! बुडालं की हो!"

मी एकटाच हसलो. मामांनी माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला.

"पोहायला तरी येत होतं का, देव जाणे!"

वडिलांनी कपबशी खाली ठेवली. "भर वादळात गलबत काढनारं ते सरदार म्हंजी आमच्या घराण्याचं मूळपुरुष."

आता सांगा, तोंड कुठं लपवायचं? मामा तर चपला शोधायला लागले!

तेवढ्यात मुलगीच बोलली. "पर ते बुडालं, असं कागदात हाय व्हय?"

"एकात हाय," मी चाचरलो. "दुसऱ्यात ते सुखरूप बंदराला लागलं. तिसऱ्यात असलं गलबतच न्हाय!"

"मग सरदारांची चूक कशी म्हनतासा?"

"चूक न्हाईच की! पुरावाच न्हाय!"

वडील खदखदून हसले. "मामा, बसा खाली. पोरगं बडबडं हाय, पर हेका धरत न्हाय." माझा जीव असा भांड्यात पडला म्हणता! चहा गार झाला होता, तोही गोड लागला.

लग्नानंतर कोकणात गेलो. खाडी ओलांडायला होडीत बसलो. वारा नाही, लाट नाही. तरी किनारा सुटायच्या आत सकाळचे पोहे बाहेर!

बायको पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "आमचं सरदार निदान वादळापतोर तरी पोचलं हुतं!"