कोऱ्या चिपवरची पट्टी

ती चिप मी पुसली. चुकून पुसली हे खरं, पण त्यानंतर जे केलं ते जाणूनबुजून केलं, आणि हे मी पंचवीसेक वर्षं कुणालाही सांगितलं नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात आम्ही हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारी यंत्रं बनवायचो. मी डिप्लोमावाला, दुरुस्तीला. माझा मित्र आयटीआय करून सोल्डरिंगच्या बाकावर. यंत्र तयार झालं की ते तपासायला कुणाला तरी आडवं करून छातीला तारा लावाव्या लागत. बहुतेक वेळा तोच झोपायचा.

"माझं हृदय आता कंपनीच्या मालकीचं झालंय," असं म्हणायचा. एकदा तारा सोडवताना म्हणाला, "आपण खोटंच बनवू या ना रे. तुझ्याकडे त्या चिप आहेत, उगाच रांगोळी नाचवत बसतोस."

रांगोळीचं खरं होतं. अंधेरीतल्या माझ्या खोलीत मी स्पीकरवर पत्र्याची थाळी बसवून, दोन-तीन सूर एकत्र करून तिच्यावरच्या रांगोळीचे आकार बघायचो. सूर तयार करायला ती चिप, म्हणजे बोटाएवढा कंप्युटर. तिच्यात आकडे भरले की ती ते एकामागून एक बाहेर टाकायची, आणि रेझिस्टरांच्या जाळीतून त्यांचा विजेचा चढउतार व्हायचा. साधी गोल लाट सोपी असते. हृदयाची लाट वेडीवाकडी: लहानसा उंचवटा, मग सुईसारखं टोक, खड्डा, आणि शेवटी एक आळशी टेकडी. त्याने स्वतःच्या ठोक्याची लाट आलेखाच्या कागदावर मोठी करून काढली आणि दोनशे छप्पन ठिकाणी तिची उंची मोजून वहीत लिहिली. कित्येक रविवार तो कांजूरमार्गहून दोन बस बदलून माझ्याकडे यायचा. पहिल्यांदा माझ्या जुन्या ऑसिलोस्कोपवर ती लाट चालायला लागली तेव्हा तो छातीवर हात ठेवून पडद्याकडे बघत उभा राहिला. म्हणाला, "माझ्यापेक्षा बरं चालतंय."

शेठनी सोमवारी अकराला एका डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांना खोटं हृदय पटलं तर टेस्टिंगची नवी जागा त्याची. ती जागा मला मिळणार असं मी घरी आधीच सांगून बसलो होतो.

चिप बसवून चालवायचा बोर्ड आमच्या दोघांत एकच होता. ज्याचं काम चालू असेल त्याची चिप बोर्डात, बाकीच्या काळ्या स्पंजात पाय रोवून ठेवलेल्या. चिपच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. तिथून अतिनील प्रकाश आत गेला की भरलेलं सगळं पुसलं जातं आणि चिप पुन्हा वापरता येते. म्हणून खिडकीवर काळी टेप, आणि टेपवर व्हाइटनरने खूण. पुसायच्या वेळी आम्ही टेप सोलून अतिनील दिव्याच्या पेटीच्या झाकणाला ओळीने चिकटवायचो आणि चिपही त्याच ओळीने आत मांडायचो.

रविवारी दुपारी तो नव्हता. सगळं सामान सोमवारी मी मरोळला घेऊन जायचं ठरलं होतं. मी रांगोळीचा नवा प्रयोग करायला त्याची चिप बोर्डातून काढून स्पंजात लावली. माझ्या चार जुन्या चिप पुसायच्या होत्या. रेडिओवर कॉमेंट्री चालू होती. मी एका पाठोपाठ एक टेप सोलत गेलो आणि पेटी चालू केली. वीस मिनिटांनी झाकण उघडलं तर कडेला पाच टेप होत्या. पाचवीवर 'ठो' लिहिलेलं होतं. ठोका.

चिप बोर्डात लावून पाहिली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. म्हणूनच मी ती लावली नाही. चुकून वाचलीही असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. वही त्याच्याकडे होती. चिप भरायचं यंत्र मरोळला होतं. त्या संध्याकाळी मी कांजूरमार्गला गेलो असतो तर सकाळी आठला गाळा उघडताच आम्ही दोघांनी बसून ती दोन तासांत भरली असती. मी चपला घातल्यासुद्धा. दारातच उभा राहिलो. मग आत येऊन 'ठो'ची पट्टी त्या कोऱ्या चिपवर चिकटवली आणि कडा अंगठ्याने नीट दाबल्या.

सोमवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टर खुर्चीत बसले, शेठ उभे. त्याने तारा यंत्राला जोडल्या, बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ सरळ गेली आणि सरळच जात राहिली.

शेठ म्हणाले, "हा पेशंट तर गेला."

डॉक्टर हसले. त्याने व्होल्टेज तपासलं, चिप काढून पुन्हा बसवली, जोडण्या एकेक हलवून पाहिल्या. त्याच्या मानेवरून घाम उतरताना मला दिसत होता. मी दोन हात अंतरावर मल्टिमीटर धरून मदत करत होतो.

"तुझ्याकडे होती तेव्हा टेप होती ना रे?" त्याने हळूच विचारलं.

"होती," मी म्हणालो.

त्याने टेपची कड नखाने चाचपली. मग शेठकडे वळून म्हणाला, "माझीच चूक, शेठ. टेप मी नीट लावली नसणार. उजेडाने पुसली गेली. उद्या परत भरून दाखवतो."

"डॉक्टरसाहेब उद्या येणारेत का? उजेडाने मरणारं हृदय घेऊन मी काय करू?"

उजेडाने इतक्या लवकर चिप पुसली जात नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत असावं, पण माझ्यावर संशय घेण्यापेक्षा त्याने स्वतःवर घेतला. टेस्टिंगची जागा मला मिळाली. एका संध्याकाळी घरी जाताना त्याने ती वही माझ्या बाकावर ठेवली. "तुला लागेल," म्हणाला. त्याच आकड्यांवर मी खोटं हृदय पुन्हा केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं गाळ्यातली यंत्रं त्यावर तपासली. काही महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.

मुलुंडला त्याचं इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे, हे एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. कळल्यावरही दोन वर्षं मी गेलो नाही. शेवटी गेलो तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला बॅटरीत पाणी कसं घालायचं ते समजावत होता.

"अरे, टेस्टिंगवाले साहेब," मला बघून म्हणाला. "टक्कल पडलं की तुला. बस. चहा सांगतो."

मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "हा माझा जुना दोस्त. याच्या खोलीवर मी हृदय बनवलं होतं, खरंच सांगतो. पण माझा धांदरटपणा. एक टेप धड लावता आली नाही, वाट लागली सगळ्याची. म्हणून सांगतो काका, झाकण नीट लावत जा."

काका हसले. तोही हसला. किती लोकांना त्याने हे असं सांगितलं असेल, कोण जाणे. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबावं असं वाटलं. पण थांबलो तर मी याही वेळी न सांगता चहा पिऊन घरी जाईन, हे मी स्वतःला चांगलं ओळखून होतो.

"टेप तू नीट लावली होतीस," मी म्हणालो. "रविवारी ती मी सोलली. तुझी चिप माझ्या हातून पुसली गेली, ते मला त्याच दुपारी कळलं होतं. तुझी पट्टी मी कोऱ्या चिपवर परत चिकटवली. तू सगळ्यांसमोर दोष घेतलास तेव्हा मी शेजारी उभा होतो. मला ती जागा हवी होती. मला माफ कर."