आतोबांचं भिजलेलं दफ्तर

आमच्या आतोबांइतका रागीट माणूस हिंगोलीच्या मुलुखात दुसरा झाला नाही, आणि इतका रास्त रागावलेला तर नाहीच नाही. आत्याचे हे यजमान हट्टा गावचे. तिथं उन्हाळ्यात ओढ्यात पाय भिजायची मारामार. पण हे गृहस्थ दुसऱ्या मोठ्या लढाईच्या काळात मुंबईला जाऊन समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटींच्या पथकात कारकून झाले. बोट कुठून सुटली, वारा कसा होता, कोण आजारी पडलं, कोण परत आलं नाही, हे रोजच्या रोज टाइप करून ठेवायचं, हे त्यांचं काम. लढाई संपली तरी खोड सुटली नाही. एकदा जवळा बाजार या गावी जाताना गाडीचं चाक चिखलात रुतलं. आम्ही खांदा लावणार तोच आतोबा ओरडले, "थांबा! आदी लिहू द्या कुठं रुतलं ते. निघाल्यावर कोन खरं मानंल?" त्यांची नोंद होईपर्यंत बैलसुद्धा मुकाट उभे राहिले. दारात येऊन नुसतं "आलो" म्हणणाऱ्या पाहुण्याला तर पाण्याचा तांब्या मिळायच्या आधी कुठून आलो, वाटेत कोण भेटलं, अशी सगळी जबानी द्यावी लागे.

मला हसू येई. पण त्या रागाचं मूळ कळलं तेव्हा माझंही डोकं तापलं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पथकातली एक बोट सुरुंगावर जाऊन फुटली. त्या मोहिमेचे अस्सल कागद मुंबईला जाताना वाटेतच पाण्यात गेले. उरली ती आतोबांकडची कार्बनची नक्कल. तर मुंबईच्या कचेरीतला साहेब म्हणतो, अस्सलच नाही तर नक्कल कशाची? जाळून टाका! आता या अकलेला काय म्हणावं? माणसं तर अस्सल मेली होती! आतोबांनी ते कागद पत्र्याच्या पेटीत घालून घरी आणले. गेलेल्यांत कोणी रत्नागिरीकडचा होता, कोणी चितगावचा. "उद्या त्यांच्या लेकरांनी इचारलं, आमचा बाप कुठं गेला, तर काय दाखवू?" असं म्हणत ते पेटीवर हात आपटत. "जाळा म्हनतो! जाळू देनार न्हाई म्या!" हे वाक्य घरात सकाळ-संध्याकाळ गाजे.

अठ्ठेचाळीस साली संस्थानात धरपकड चालू असताना गावात झडत्यांची हूल उठली. घरात इंग्रजी कागदांची पेटी, आणि आतोबा बाजारला गेलेले. आत्या घाबरून गेली. तिनं कागद पाण्यात भिजवले, मेथ्या घालून कुटले आणि पालथ्या घागरीवर लगदा थापला. आमच्याकडे रद्दीच्या टोपल्या घरोघर अशाच होतात. आतोबा परतले तेव्हा अंगणात एक मोठी टोपली वाळत होती, कार्बनच्या शाईनं निळसर झालेली.

"काहून केलंस हे?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"जाळले न्हाईत म्या," आत्या कळवळून म्हणाली. "तुमीच म्हनत होताव न्हवं, जाळायचे न्हाईत म्हनून? कागदापायी तुमाला धरून नेलं असतं, मग म्या काय केलं असतं?"

जन्मभर ओरडणारा तो माणूस त्या दिवशी ओरडला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढं कित्येक दिवस ते नावं आठवून लिहायला बसत. काही आठवली, काही नाहीच आठवली, आणि त्यासाठी ते स्वतःवरच चिडत. टोपली त्यांनी कोनाड्यात ठेवली. आत्यानं एकदा चुकून तिच्यात भाकरी ठेवली, तेव्हा मात्र जुना आवाज परत आला, "काढ ती! त्यात मानसं हायेत!"

आतोबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मध्यंतरी हट्ट्याला गेलो होतो. नव्या सुनेनं पानं वाढायच्या घाईत कोनाड्यातली टोपली ओढली आणि तव्यावरची भाकरी तिच्यात टाकणार, एवढ्यात चुलीपाशी बसलेली आत्या ताडकन उठली. तिचा आवाज चढलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

"ठेव ती खाली! त्यात मानसं हायेत!"

सून भाकरी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आत्यानं टोपली पदरानं पुसली आणि परत कोनाड्यात ठेवून दिली.