डायरेक्टर टोर्टेलिनीच्या धंद्यात

माझा नवरा लेआर्को आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर होता. कोणता खेळाडू आणायचा आणि कोणता विकायचा हे ठरवायचं काम त्याचं, आणि ठरवलेलं मोडायचं काम क्लबचा अध्यक्ष गुआल्दी याचं. गुआल्दीचा फरशांचा कारखाना. फुटबॉलमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण क्लब त्याच्या पैशावर चाले. म्हणून दर सोमवारी तो कॉफी पीत लेआर्कोला शहाणपण शिकवायचा, आणि घरी येऊन लेआर्को माझं डोकं खायचा.

जेवणाचं तर विचारूच नका. मी वाढायला घेतलं की फोन वाजलाच. एकदा आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, माझे आईवडील टेबलाशी बसलेले असताना, हा उठला आणि थेट देशाच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियाला गेला. का, तर तिथल्या मासळीबाजारात पेट्या झेलणारा एक गडी गोलकीपर म्हणून फार भारी आहे म्हणे. परत आला तो त्याला घेऊनच. दुइलिओ त्याचं नाव. महिनाभर आमच्याकडे राहिला आणि तिघांचं जेवला.

पण खोटं कशाला बोलू, दुइलिओ होताच तसा. त्याच्या जिवावर क्लब वरच्या गटात गेला. आणि नेमकं तेव्हाच गुआल्दीच्या मुलीचं लग्न ठरलं. नवरामुलगा कोण? दुसऱ्या एका क्लबचा गोलकीपर.

"या मोसमात गोलमध्ये आपला जावई उभा राहील," गुआल्दी म्हणाला.

"अध्यक्षसाहेब, त्याला मुलगी द्या, मी अडवत नाही. गोल नका देऊ."

"क्लब कोणाचा आहे?"

"तुमचाच. म्हणून तर मी निघालो."

त्या दुपारी मी वेड्यासारखी खूश होऊन चार पदार्थ केले. म्हटलं, आता नवरा घरी जेवेल. गोड वाढेपर्यंत सुख टिकलं.

"नीवेस," तो म्हणाला, "तुझ्या मावशीचा कारखाना आपण घेऊ या."

कारखाना म्हणजे एक शेड. तिथे सहा बायका अंड्यात भिजवलेली कणीक लाटून टोर्टेलिनी वळायच्या, मांस भरलेल्या नखाएवढ्या पुरचुंड्या. मावशीची बोटं आखडली होती, तिला तो विकायचाच होता.

"अरे, तुला साधी कणीक भिजवता येत नाही!"

"मला गोल तरी कुठे अडवता यायचा?"

घेतला. आणि क्लबसारखाच चालवायला लागला. आधी मोदेनाच्या एका कारखान्यातून झेलिंदाला फोडून आणलं. तिने लाटलेल्या पोळीतून खिडकी दिसायची. ती यावी म्हणून हा तिच्या घरी खेपा घालायचा, सासऱ्याबरोबर वाइन प्यायचा, सासूच्या केसांची तारीफ करायचा. मग कोणाचा हात हळू चालला की तिला भिंतीजवळच्या बाकावर बसवायचा.

"डायरेक्टर, मी काय राखीव खेळाडू आहे?" सगळ्यांत जुनी आर्जा कडाडली.

तेही मी गिळलं. पण मग याने आपल्या भाच्याला, मिर्कोला, सगळ्यांच्या डोक्यावर आणून बसवलं. मोठ्या शहरात, बोलोन्यात शिकलेला, पिठाचा हात लागला तर कोट झटकणारा. त्याने फर्मान काढलं, टोर्टेलिनी मोठी करा, म्हणजे वळायला कमी लागतील. आमच्या गावात, जिथे नखापेक्षा मोठी टोर्टेलिनी म्हणजे लाज! आर्जाने ॲप्रन सोडून टेबलावर ठेवला आणि चालती झाली. मागोमाग सगळ्या. झेलिंदासुद्धा. नाताळ तोंडावर, घरोघरी टोर्टेलिनीचा रस्सा हवा, आणि शेडमध्ये मिर्को एकटा.

"कारखाना कोणाचा आहे?" लेआर्को घरात गरजत होता. "माझा! मी म्हणेन तेच होईल!"

मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली. "घ्या, गुआल्दीसाहेब."

कॉफी तशीच टाकून तो उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्जाच्या दारात उभा. तिने दार उघडलंच नाही, आतूनच विचारलं, "मिर्को?"

"तो आता गाडीवर. माल पोचवेल."

"आकार?"

"तू म्हणशील तो."

"आणि तो बाक?"

"चुलीत घातला."

तेव्हा कुठे कडी निघाली.

त्यानंतर त्याने लाटण्याच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. माल खपवायला हॉटेलं पालथी घातली. अनोळखी माणसाच्या स्वयंपाकघरात ठाण मांडायचं आणि तो हो म्हणेपर्यंत उठायचं नाही, ही विद्या त्याच्याकडे होतीच. दुसरी शेड उभी राहिली. तिकडे क्लब घसरत घसरत तळाला गेला, तेव्हा गुआल्दी स्वतः दारात आला, परत ये म्हणून. लेआर्कोने त्याच्या हातात टोर्टेलिनीचा डबा दिला आणि निरोप दिला. मला काय अभिमान वाटला! पुढच्याच आठवड्यात आर्जाकडून कळलं की रविवारी 'गिऱ्हाइकाकडे' जाणारा माझा नवरा फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांत बसून त्या जावयाला शिव्या घालतो. अख्ख्या गावाला ठाऊक, मीच तेवढी अंधारात.

यंदाच्या वसंतात त्याने कारखाना झेलिंदाच्या हाती सोपवला. आता फोन वाजत नाही. रोज दुपारी घरी असतो. माझ्या पाठीमागे उभा राहून पातेल्यात डोकावतो आणि म्हणतो, "नीवेस, मीठ आत्ताच नको."

परवा मी झेलिंदाला गाठलं. म्हटलं, "बाई, सकाळपुरतं तरी त्याला काही काम दे."

ती हात जोडून म्हणाली, "नीवेसबाई, मोठ्या मुश्किलीने घालवलंय हो त्यांना."