दहिसरला ठेवलेला नारळ

माझा आवाज खणखणीत आहे, असं चाळीत कुणीतरी एकदा म्हणालं आणि तिथून माझी वाट लागली. हापिसात मी साधा कारकून. साहेबापुढे माझा आवाज मांजरीच्या पिल्लासारखा यायचा. पण अंधेरीच्या आमच्या चाळीत सगळी बिऱ्हाडं कोकणातली, आणि तिथे कुणाकडे पूजा असो, कुणाचं पोर तापाने फणफणलेलं असो, गाऱ्हाणं घालायला मीच. हातात नारळ धरायचा, देवाला मोठ्याने हाक मारून मागणं मागायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचं. गावाला हा मान ठरलेल्या घराण्याचा असतो. त्या घराण्याशी माझा सुतराम संबंध नव्हता, पण मुंबईत कोण विचारतो? मी आपला छाती फुगवून उभा राहायचो.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सात नंबरच्या खोलीत कारखान्यात लेथवर काम करणारा एक जण राहायचा. वागायला गोड. मी दिसलो की वाकून पाया पडायचा. घरात बायकोला मारायचा. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या, आणि पहिलीमुळे दुसरी जरा कमी वाटायची.

पहिल्यांदा तिच्या गालावर पाच बोटं उठली तेव्हा मी सगळ्यांना गॅलरीत गोळा केलं. त्याच्या हातात नारळ दिला आणि सुरू झालो. "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराचो हात आजपासून बायलमाणसावर उठाचो नाय, असा कर रे महाराजा!" "व्हय महाराजा!" तो ढसाढसा रडला, पुन्हा हात उचलणार नाही अशी शपथ घेतली. नारळ फोडला, खोबरं-साखर वाटली. वाटली तिनेच, सुजल्या गालाने. मी दोनदा घेतली.

सहा महिन्यांनी त्याने तिचं मनगट मोडलं. या वेळी मी तयारी केली होती. हापिसातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर दुपारभर वाक्यं जुळवली, एक-दोन ठिकाणी तर मलाच गहिवरून आलं. कार्यक्रम दणक्यात झाला. "काका, झकास!" असं चौघांनी येऊन सांगितलं. ती प्लास्टरचा हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकली होती, तिला कुणी काही विचारलं नाही. एक म्हातारी तेवढी पुटपुटली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाय." आम्ही तिला गप्प केलं. घरी आल्यावर माझी बायको म्हणाली, "तुमचो आवाज सगळ्या चाळीत ऐकाक येता. तिचो कधी ऐकलास?" मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. वर पान मागितलं.

तिसऱ्या वेळी त्याने तिचा गळा दाबला. शेजारच्यांनी दार ढकललं म्हणून ती वाचली. नेसत्या लुगड्यानिशी ती दहिसरला भावाकडे गेली. नदीकडेला त्याची एक खोली होती. तिथे ती कुणाचे तरी शर्ट घरी आणून त्यांना बटणं लावू लागली. बरं चाललं होतं तिचं. ते तसंच चालू द्यायला माझ्यासारख्या उंटावरच्या शहाण्याची गरज नव्हती.

पण तिचा नवरा माझ्याकडे आला. "काका, तुमच्या शब्दाबाहेर ती नाही." झालं! मला कुणी असं म्हटलं की मी कुठेही जायला तयार. रविवारी इस्त्रीचा सदरा घातला, पिशवीत सोललेला, शेंडीचा नारळ टाकला आणि दहिसर गाठलं. तिचा भाऊ पोरसवदा, पण ठाम. "काका, ती परत जाणार नाही. तो तिला मारून टाकील." मी हसलो. खरंच हसलो. मग नारळावर हात ठेवून म्हणालो, "हा माझा शब्द. तिच्या केसाला धक्का लागला तर मला विचार. हा नारळ देवाजवळ ठेव. वर्ष नीट गेलं की मी येऊन स्वतः फोडीन." नारळ मध्ये आल्यावर आमच्याकडे माणूस नाही म्हणू शकत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. त्याने मान खाली घातली आणि नारळ देव्हाऱ्यात ठेवला. ती पिशवी भरायला लागली.

बसच्या थांब्यावर ती एवढंच म्हणाली, "काका, तो देवाक भियेणा नाय. तो तुमका लाजता. आणि तुमी आठ वाजता हापिसाक जातास."

मी काय म्हणालो असेन? "महाराजावर विश्वास ठेव गं." आणि बस आली का बघायला लागलो.

बारा दिवस गेले. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास कोपऱ्यावरच्या दुकानातून बायकोचा हापिसात फोन आला. तो कारखान्यात भांडून लवकर घरी आला होता. जेवण तयार नव्हतं. हाताशी वरवंटा होता. "मारून टाकल्यान तिका," बायको म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: "पण त्याने शपथ घेतली होती!" समोरच्या टेबलावरचे दोघं माझ्याकडे बघत राहिले.

फौजदाराने मला समोर बसवलं. आधी मारायचा का? हो. किती वेळा? तीन वेळा, आम्हाला ठाऊक असलेल्या. तक्रार कुठल्या चौकीत केली? "देवाकडे केली," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याने लिहून घेतलं, तक्रार नाही.

तिच्या नवऱ्याला जन्मठेप झाली. मला कसलीच शिक्षा झाली नाही. लोक तर म्हणायचे, काकांनी किती केलं तिच्यासाठी. मला माझी लाज वाटते, आजही वाटते. पुढे कुणी गाऱ्हाणं घालायला बोलवायला आलं की मी घसा बसलाय म्हणून सांगायचो. एवढी वर्षं बसलेला घसा कुणाचा असतो? पण लोक चांगले, विचारायचे नाहीत.

तिचं तेरावं झाल्यावर भाऊ चाळीत आला. सगळ्यांनी दारं ओढून घेतली. तो सरळ माझ्या दाराशी आला. शिवीगाळ करील, अंगावर येईल, अशी माझी तयारी होती. खरं सांगतो, ते बरं झालं असतं. त्याने पिशवीतून नारळ काढला. शेंडीला अजून देव्हाऱ्यातलं कुंकू होतं.

"काका, ह्यो तुमचो नारळ. माका नको."

मी दोन्ही हात पुढे केले. हातात नारळ आला की माझ्या तोंडून शब्द आपोआप सुटायचे. त्या दिवशी एक सुटला नाही. तो जिना उतरून गेला तरी मी उंबऱ्यात तसाच उभा, नारळ धरून. शेवटी बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "आत येवा."