ट्वायला रेनरची खुर्ची

केट्लर्सबर्गात चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीची जागा धरायची ती एक जुलैला, सकाळची कॉफी झाली की. घडीची खुर्ची आणायची, मेन स्ट्रीटच्या फुटपाथच्या कडेला उघडून ठेवायची आणि खुशाल घरी निघून जायचं. तीन दिवस ती तिथे ऊन-पाऊस खात उभी राहते आणि तिला कुणी हात लावत नाही. गाव काही साधुसंतांचं नाही. इथे सायकली जातात, अंगणातले भोपळे जातात, एकदा तर चर्चच्या दारातला गवत कापायचं यंत्र गेलं. पण खुर्ची जात नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणं सोडाच, ती वीतभर सरकवली तरी माणूस लोकांच्या मनातून उतरतो.

हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता. तो ट्वायला रेनरच्या तोंडात होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

ट्वायलाने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली. अर्धं गाव तिच्या आरशात बघून मोठं झालं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी सफरचंद फेकलं, तर तिने मक्याच्या शेतांमध्ये बस उभी केली आणि चाळीस मिनिटं विणकाम करत बसली. शेवटी पाद्रीबुवांची मुलगी रडत पुढे आली. ट्वायला म्हणाली, "रडायचं नंतर, आधी सफरचंद उचल." नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी ती पुन्हा बसवर हजर होती. कुणी सांत्वनाला आलं की ती म्हणायची, "पोरांना शाळेत न्यायला तो येणार आहे का आता?" माणूस कोरडं वाटायचं, आणि थोडंसं ते होतंही.

तिची खुर्ची मेन स्ट्रीट आणि मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जुन्या बियाण्यांच्या दुकानासमोर. रेनरांचं खटलं तिथे एक्कावन्न वर्षं बसत आलेलं. चार राज्यांतून तेवीस माणसं येतात, बटाट्याचं सॅलड, उकडलेली अंडी आणि लिंबूपाण्याचे पिंप मांडतात, आणि मिरवणूक संपली की सगळी वरात नदीकाठच्या बागेत. पण हा कोपरा ट्वायलाने हट्टाने धरला होता तो तिच्या थोरल्या बहिणीसाठी. ओपल एकोणऐंशीची, डोळे जवळजवळ गेलेले. बाकीच्या रस्त्यावर मिरवणूक नुसती पुढून निघून जाते. या कोपऱ्यावर मात्र अग्निशमनाच्या लांब शिडीच्या गाडीला वळायला पाच मिनिटं लागतात, आणि तोवर मागचे सगळे बँड जागच्या जागी उभे राहून वाजवतात. ओपल तिथे बसून मिरवणूक ऐकते. कोणत्या शाळेचा बँड, कुणाचा भोंगा बेसूर, घोडे किती, सगळं सांगते.

यंदा मे महिन्यात मेयरने फर्मान काढलं. मेयर ट्रेव्हर लँगली सहा वर्षांपूर्वी गावात आलेला, दात अतिशय स्वच्छ. चार जुलैच्या सकाळी सहाच्या आधी रस्त्याकडेला ठेवलेली रिकामी खुर्ची नगरपालिकेचा ट्रक उचलणार. आणि मिल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बाहेरून येणाऱ्या खास पाहुण्यांसाठी सावलीचा मंच उभारणार.

ट्वायलाने फोनवर ओपलला सांगितलं.

"कोपरा नसेल तर मी येत नाही," ओपल म्हणाली. "माणसांच्या पाठीमागे बसून गर्दीचा घाम हुंगायला मी दोनशे मैल बसने येऊ? ते मी घरी टीव्ही लावूनही करू शकते."

"टीव्हीला घाम येत नाही."

"माझ्या टीव्हीला येतो. कोपऱ्याचं बोल."

"कोपरा आहे," ट्वायला म्हणाली. "तू तिकीट काढ."

एक जुलैला ट्रक खरोखरच फिरला. दुपारपर्यंत नव्वद खुर्च्या उचलून हिवाळ्यात रस्त्यांवर टाकायच्या मिठाच्या गोदामात टाकल्या गेल्या. लोकांनी चरफडत दारातून बघितलं आणि पडदे ओढून घेतले. मला या गावाचा राग येतो तो अशा वेळी. घरात बसून सिंह असतात सगळे. ट्रक कोपऱ्यावर आला तेव्हा ट्वायलाच्या खुर्चीत ट्वायला होती. पायाशी थर्मास, मांडीवर विणकाम.

ट्रकवाल्याने पोलीसप्रमुखाला बोलावलं. केंट डिट्झ, सहा फूट दोन इंच, कमरेला पिस्तूल. पहिली ते आठवी ट्वायलाच्या बसमध्ये चौथ्या बाकावर.

"मिसेस रेनर," तो टोपी काढून म्हणाला, "तुम्हाला इथे बसता येणार नाही."

"फर्मान वाचलंस का तू? काय लिहिलंय?"

"रिकाम्या खुर्च्या उचलाव्यात."

"ही रिकामी दिसते तुला?"

केंटने खुर्चीकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं. "पण तुम्ही तीन दिवस बसणार?"

"सकाळी आठ ते सहा. ट्रक तेवढाच फिरतो, मी चौकशी केलीय. आणि केंट, शर्ट आत खोच."

त्याने खोचला.

दोन दिवस निभावलं. जेवणाच्या वेळी मुलगी शेरिल येऊन बसायची. पण तीन तारखेला पेच आला. ओपलची बस पन्नास मैलांवरच्या शहरात दीडला येणार होती. तिला घ्यायला ट्वायलालाच जावं लागणार, कारण अनोळखी हाताचा आधार ओपल घेत नाही. शेरिलची त्या दिवशी इस्पितळात कामाची पाळी होती, आणि बाकीचं खटलं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचणार. खुर्ची तीन तास रिकामी राहिली तर संपलं. मंचाची लाकडं कोपऱ्याशेजारी येऊन पडलीच होती.

समोरच्या ओसरीत बर्निस क्लोप बसली होती. गावात कुणालाही विचारा, ट्वायला आणि बर्निस एकोणीस वर्षं बोलत नाहीत. बर्निसने नातवाच्या बाबागाडीला सावली मिळावी म्हणून ट्वायलाची खुर्ची हातभर सरकवली होती. त्यावर ट्वायलाने अख्ख्या गावासमोर बर्निसची खुर्ची मिटली आणि तिच्या हातात दिली. तेव्हापासून दोघी चर्चच्या गायनात एकाच रांगेत उभ्या राहतात, मध्ये एक माणूस ठेवून. पोर उन्हात रडत होतं हे ट्वायलाने तेव्हाही ऐकलं होतं. ते तिला अधूनमधून आठवायचं आणि आठवलं की ती जास्तच ताठ व्हायची.

बारा वाजता ती उठली. खुर्चीवरची नजर न काढता, उलट्या पावलांनी, रस्ता ओलांडून ओसरीशी गेली.

"बर्निस."

"अगंबाई. बोलता येतं अजून."

"ओपलला आणायला जायचंय. माझ्या खुर्चीत बसायला माणूस हवंय."

बर्निसने चष्मा खाली केला. "तुझ्या खुर्चीत? मी? हात लावला तर हात झडत नाही ना?"

"बसायचंय. हात लावायचा नाही."

"आधी त्या दिवसाचं बोल."

पलीकडे ट्रक कोपऱ्याकडे वळताना दिसत होता. "पोर उन्हात होतं," ती म्हणाली. "मी चुकले. आता बसतेस की नाही?"

"एकोणीस वर्षांनी, आणि तेही ट्रक आल्यावर," बर्निस म्हणाली, पण चपला शोधत होती. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई रस्ता ओलांडून जवळजवळ पळाली आणि ट्रकच्या नाकासमोर खुर्चीत धपकन बसली.

ट्वायला निघून गेल्यावर मेयर स्वतः सुतारांना घेऊन आला. तोवर बर्निसभोवती रस्त्यावरच्या पोरी जमल्या होत्या आणि ती त्यांना आपल्या लहानपणचं टाळ्यांचं गाणं शिकवत होती:

एक टाळी, दोन टाळी,
खुर्ची माझी मी सांभाळी.
तीन टाळी, चार टाळी,
मेयर आला सांजसकाळी.
मेयर मेयर, बस ना खाली,
गवत ओलं, पँट भिजली.

मेयरचे कान लाल झाले. बर्निस म्हणाली, "साठ वर्षांपूर्वीचं आहे हो, मनाला लावून घेऊ नका. तेव्हाचा मेयर वेगळा होता. पँट मात्र अशीच होती."

पोरींना तेवढंच हवं होतं. त्यांनी आवाज चढवला. दारांतले पडदे हलले. आधी न्हाव्याची बायको स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन बाहेर आली आणि रस्त्याकडेला बसली. मग दाताचा डॉक्टर, अंगातला पांढरा कोट तसाच. ज्यांना काम होतं त्यांनी शेजाऱ्याला बसवलं, आणि त्या शेजाऱ्याच्या खुर्चीत भलताच कुणी बसला. ज्या गावात दुसऱ्याच्या खुर्चीला कुणी शिवत नव्हतं, त्या गावात त्या दुपारी कोण कुणाच्या खुर्चीत बसलंय याचा पत्ता लागेना. ट्रक दोनदा फिरला आणि रिकामाच गेला.

ट्वायला साडेतीनला ओपलला हाताशी धरून परत आली तेव्हा मेन स्ट्रीट दोन्ही बाजूंनी भरली होती. सुतार लाकडांवर बसून सिगारेटी ओढत होते. केंटला शेजारी उभं करून मेयरने गळ्यात घालायची दोन निळी पत्रं पुढे केली.

"मिसेस रेनर, आपण समजुतीने घेऊ. ही खास पाहुण्यांची ओळखपत्रं. तुम्ही आणि तुमच्या बहीणबाई, मंचावर पहिल्या रांगेत. वर छत, खाली गादी. इतरांची सोय पुढे कुठेतरी करू. फक्त एवढी खुर्ची उचला."

माणूस मनापासून बोलत होता, हे मी त्याच्या बाजूने सांगून ठेवतो. ट्वायलाने ती पत्रं उलटसुलट करून वाचली आणि त्याच्या हातात परत दिली.

"पाहुणा म्हणजे ज्याला कुणीतरी बस म्हणावं लागतं," ती म्हणाली. "मला इथे बस म्हणणारे तुम्ही कोण?"

"कायदेशीरदृष्ट्या हा रस्ता नगरपालिकेचा..."

"मग नगरपालिकेला सांगा, मी बसलेय. केंट, तुला उचलायचं असेल तर खुर्चीसकट उचल. पण उद्या उचल, मिरवणुकीत, सगळ्यांना दिसेल असं."

केंट डिट्झ मेयरकडे वळून हळूच म्हणाला, "साहेब, मंच बँकेच्या आवारात बरा दिसेल. तिथे सावली आहे." सुतारांनी कुणी सांगायची वाट न बघता लाकडं उचलायला सुरुवात केली.

"झाली का भाषणं?" बर्निस खुर्चीतून म्हणाली. "साडेतीन तास झाले मला लघवीला जायचंय. कुणीतरी उठवा आधी."

दोघी बहिणींनी तिला दोन बाजूंनी धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी दहाला मिरवणूक सुटली. कोपऱ्यावर रेनरांची तेवीस आणि क्लोपांची नऊ माणसं दाटीवाटीने बसली होती. सॅलडची भांडी या मांडीवरून त्या मांडीवर जात होती. शिडीची गाडी वळणावर अडली. मागचा शाळेचा बँड जागच्या जागी उभा राहून वाजवू लागला, इतका जवळ की ढोलाचा ठोका खुर्चीच्या पायांतून वर येत होता. ओपल मान खाली घालून ऐकत होती.

"ढोलवाला नवा आहे," ती म्हणाली. "घाई करतोय. त्याला पुढे जायचंय."

"त्याला जायचं तर जाऊ दे," ट्वायला म्हणाली. "आपण इथून हलणार नाही."