फाँड्यू हे अन्न नव्हे

लग्न झाल्यापासून गेल्या हिवाळ्यापर्यंत माझ्या सासूबाईंनी आमच्या घरचा एक घास खाल्ला नव्हता. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मानपानावरून बिनसलं असेल, नाहीतर जावई नालायक असेल. यातलं दुसरं खरं असलं तरी कारण ते नव्हतं. त्यांच्याकडं रीतच अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. आणि आम्हाला मूल झालं नाही. रीत घालून देणारा 'तोपर्यंत' एवढं बोलून निघून गेला. 'तोपर्यंत' म्हणजे कुठपर्यंत, हे विचारायला आता कुणाच्या दारात जायचं?

सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्यांचं गाव पोखर्णीच्या पुढं. थोडी जमीन, बाकी सगळा जीव शेळ्या-मेंढ्यांत. परभणीला बाजाराला आल्या की आमच्याकडं यायच्या, ओट्यावर टेकायच्या, फडक्यात बांधून आणलेली स्वतःची भाकर सोडायच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीशी खायच्या. चहा मात्र घ्यायच्या. "चहा म्हंजी काय अन्न न्हाई," असा त्यांचा निकाल होता. त्यावर अपील कुणी केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा मोतीबिंदू काढला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस शहरातच राहा, धुराजवळ जाऊ नका, खाली वाकू नका. मामी राहिल्या. येताना भाकरीची चवड बांधूनच आल्या होत्या. ज्वारीची भाकर पहिल्या दिवशी लोण्यासारखी असते, दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यासारखी, आणि त्यानंतर तिच्यावर नाव कोरून दाराला लावता येतं. मामी काळा चष्मा लावून बाहेरच्या खोलीत बसायच्या आणि ती पाटी चहात बुडवून खायच्या. आत माझी बायको तव्यावर ताजी भाकर फुगवायची. मध्ये एक पडदा.

एका सकाळी बायकोनं तवा खाली उतरवला आणि म्हणाली, "माझ्याच घरात माझी आई वाळकी भाकर चावायलीय, अन् मी आत बसून गरम टाकायलेय. कसं गोड लागावं मला? एकदा तरी खावं हो तिनं माझ्या हातचं. एकदाच."

आता मी तालुक्यातल्या लग्नांत हौसेनं माईक धरणारा माणूस. वऱ्हाड यायला उशीर झाला तर अर्धा तास नुसत्या शब्दांवर मांडव धरून ठेवतो. असल्या माणसानं अशा वेळी गप्प बसणं शहाणपणाचं असतं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "माझ्यावर सोड."

तिनं मला नखशिखांत पाहिलं आणि तवा परत चुलीवर ठेवला.

त्याच दुपारी मला फोनवर फाँड्यू दिसलं. एक गोरा, गुबगुबीत माणूस पातेल्यात चीज वितळवत होता, वरून हिरवी पानं टाकत होता आणि सांगत होता, की हे मूळचं डोंगरात गुरं राखणाऱ्या लोकांचं खाणं. हिवाळ्यात पाव वाळून दगड झाला की ते लोक तो या गरम चीजमध्ये बुडवून खायचे. मी उठून बसलो. जनावरं राखणारे लोक! वाळकी भाकर! बुडवणं! त्या गोऱ्यानं जणू आमच्या बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात ती वकिली चमकली. चहा म्हणजे काय? दूध, पाती आणि साखर, उकळलेली. हा चहा अन्न नाही. फाँड्यू म्हणजे काय? दूध, पाती आणि मीठ, उकळलेलं. तर मग तेही अन्न नाही. भाकर मामींची स्वतःची, ती फक्त एका खारट, परदेशी चहात बुडवायची. करणार लेकीच्या घरी, म्हणजे लेकीचं खाल्ल्यासारखंच. रीतही शाबूत आणि बायकोही खूश. हा युक्तिवाद मी बायकोला पडद्याआड उभं राहून, हातवारे करून, मांडवातल्या आवाजात ऐकवला.

"अन् चीज म्हंजी?" ती म्हणाली.

"घट्ट दूध."

"तुमाला चहा तरी करता येतोय का?"

हा प्रश्न मी विषयाला सोडून आहे म्हणून फेटाळला.

बाजारात चीज मिळालं. बेकरीवाल्यानं साबणाच्या वडीसारखी लांबट वडी काढून दिली आणि विचारलं, "सँडविचला का?" मी म्हणालो, "फाँड्यूला." त्यानं मान हलवली. मी कुणा पाहुण्याचं नाव सांगितलं, असं त्याला वाटलं असावं.

कृतीत पुढं पांढरी दारू होती. बायको म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझ्या आईचं. दारू पाजायलाव का तिला?" दारूच्या जागी लिंबू आलं. कसल्या कसल्या पाल्यांची नावं होती. फोनवर त्यांची चित्रं पाहिली तर मामींच्या शेळ्या बांधावर जे खातात ते हेच, असं वाटलं. शेजारच्या कुंडीतून ओव्याची पानं आणली. फ्रीजच्या दारात कधीच्या पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या होत्या, त्यातल्या एकीतला सुका चुरा घेतला. राहिलं बेझिल. फोन म्हणाला, ही तुळशीच्या कुळातली. बहीण नाही मिळाली तर काय झालं, खुद्द तुळस मागच्या दारात आहे, असं म्हणून मी मागच्या अंगणात गेलो आणि भर दुपारी तुळशीची मूठभर पानं तोडली. आपण काय तोडलं, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

मग मी बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. लसणाची पाकळी कापून पातेल्याला आतून घासली आणि फेकून दिली. गोऱ्यानंही तसंच केलं होतं. साय घातली, दूध घातलं, किसलेलं चीज घातलं. सगळं इतकं सुंदर विरघळायला लागलं, की मी मनातल्या मनात माईकवरून स्वतःची ओळख करून दिली. आणि मग लिंबू पिळलं.

ज्यांनी दूध तापवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मीही आयुष्यभर दूध पीत आलोय, पण तापवलेलं नाही. खाली एक रबरी गोळा बसला, वर पिवळं पाणी तरंगलं आणि मधे साय इकडून तिकडं फिरत राहिली. मी ढवळलं तर गोळा पळीला चिकटून पळीसकट वर आला, आणि खालून पातेलंही.

"काय झालं ओ?" पडद्याआडून आवाज आला.

"काही नाही. रंगतंय."

ती आत आली, पातेल्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं. हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. "ज्वारीचं पीठ लावा की," ती म्हणाली. "आंबिलीला लावतेत तसं." मी पीठ कालवून ओतलं आणि रवीनं घुसळत राहिलो. हात भरून आले, पण ते जमलं. एकजीव, दाट, हिरवे ठिपके असलेलं. पतंगाच्या खळीसारखं दिसत होतं हे खरं, पण चांगल्या प्रतीच्या खळीसारखं. चव घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

आता मांडणी. गोऱ्याच्या पातेल्याखाली छोटा दिवा होता. मी पाट मांडला, त्यावर तीन वाट्या उपड्या ठेवल्या, मधोमध पणती लावली आणि वर पातेलं ठेवलं. बुडवायला लांब काट्या पाहिजेत म्हणून कपाटाच्या तळातून विणकामाच्या सुया काढल्या. बायकोनं कधीतरी काहीतरी लहानसं विणायला घेतलं होतं, तेव्हाच्या. तिनं त्या माझ्या हातात बघितल्या, काढून घेतल्या, गरम पाण्यानं धुतल्या आणि पाटावर ठेवल्या. शेवटी मी, गोऱ्यासारखीच, तुळशीची पानं वरून पसरली.

दिवेलागण झाली होती. पाट बाहेरच्या खोलीत मामींच्या समोर आणून ठेवला आणि नाटकाचा किडा वळवळला म्हणून मी बल्बही घालवला. अंधारात पणतीचा उजेड, पातेल्यातून वाफ, वर तुळस. मी घसा खाकरला. "मामी! सातासमुद्रापलीकडून, खास तुमच्यासाठी..."

मामींनी पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले.

"कशाचा निवद हाय, बापू?"

आणि तेव्हा मला दिसलं, की मी काय मांडून ठेवलंय. पाट, दिवा, नवं अन्न आणि त्यावर तुळशीचं पान. आमच्याकडं तुळशीचं पान ठेवलेलं अन्न माणसाचं नसतं. ते देवाचं. मी परदेशी चहा करायला निघालो होतो आणि मन लावून नैवेद्य करून बसलो होतो.

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. "मामी, हा निवद नाही, हा एक प्रकारचा..." तेवढ्यात माझ्या पायाच्या अंगठ्यावर बायकोची टाच आली. माणूस अंगठा मोडेल इतक्या जोरानं पाय देतो, तेव्हा त्याला काहीतरी फार हवं असतं. मी तोंड मिटलं.

मामींचा काळा चष्मा माझ्याकडं वळला. "तुळस दिस असताना तोडली न्हवं?"

"दुपारी, मामी."

"लसूण घातलाय का?"

मेलो, म्हटलं. "घातला नाही. पातेल्याला घासलाय आणि फेकून दिलाय."

मामींनी थोडा विचार केला. "घासलाय म्हंजी घातला न्हाई. चाखलं तर न्हाई ना कुणी?"

"नाही. हिंमत झाली नाही."

"मग झालं," मामी म्हणाल्या. "दावा देवाला."

माझ्या सगळ्या युक्तिवादांत एवढा सुटसुटीत निकाल कधी लागला नव्हता. बायकोनं पातेलं उचललं, देव्हाऱ्यातल्या नरसिंहाच्या तसबिरीपुढं ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. तसबिरीतल्या उग्र चेहऱ्याकडं बघायचं मी टाळलं. हिरण्यकशिपूनंतर देवावर आलेला हा दुसरा कठीण प्रसंग होता. मग ती पातेलं परत घेऊन आली आणि मामींच्या पुढं उभी राहिली. हातात पळी. वाढावं का नाही, तिला कळेना.

मामी भिंतीकडं बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं म्हणाल्या, "परसादाला न्हाई म्हणता येत न्हाई."

आणि उजवा हात पुढं केला.

मी उत्साहानं सुया पुढं केल्या. "मामी, हे असं टोचून..."

"परसाद कुठं सुईनं टोचत असत्यात का? अन् एकाच भांड्यात समद्यांनी उष्टं करायचं? ठिवा त्या."

सुया बाजूला गेल्या. ज्या पदार्थाची सगळी गंमत एका पातेल्यात सगळ्यांनी बुडवण्यात आहे, तो आम्ही तळहातावर घेतला, तीर्थासारखा. बायकोनं आईच्या हातावर पळीभर ओतलं. मामींनी हात तोंडाशी नेला आणि चीजची एक लांब तार हातापासून हनुवटीपर्यंत, तिथून चष्म्याच्या काडीपर्यंत ताणली गेली. ती तुटेना. मामी मान मागं नेतायत, तार येतीय. माझ्या हातावर चटका बसला म्हणून मी हात झटकला, तर माझी तार मिशीत. प्रसाद सांडायचा नसतो, म्हणून मी मिशी चोखत उभा राहिलो. सातासमुद्रापलीकडचा कलावंत, मिशी चोखतोय.

बायको बघत होती. माझ्याकडं नाही, आईकडं. आईच्या हातावर दुसरी पळी घालायचं तिला सुचत नव्हतं. पळीतून थेंब थेंब तिच्या पायावर गळत होतं, आणि ते गरम होतं, तरी ती हलली नाही.

"खारट हाय," मामी म्हणाल्या. मग, "अजून हाय का?"

मी टाळ्यांची वाट बघत होतो. एवढंच मिळालं, पण पहिल्या प्रयोगाला चांगलंच म्हणायचं. नंतर कळलं, की 'अजून हाय का' हे कौतुक नव्हतं, काळजी होती. प्रसाद टाकायचा नसतो. एवढं पातेलं कुणी संपवायचं? पदार्थ बिघडला तर मागच्या दारानं हळूच गाईपुढं ओतायचा, असा माझा बेत होता. तो आता पाप झाला होता. मामींनी फडकं सोडलं, त्यातली दगड झालेली भाकर गुडघ्यावर मोडली, एक तुकडा लेकीला दिला, एक मला. आम्ही तिघांनी ते पातेलं भाकरीनं पुसून पुसून, घामाघूम होऊन संपवलं. गोरा बरोबर सांगत होता. वाळकी भाकर खरंच मऊ पडते. फक्त पोट दोन दिवस वाळकं राहत नाही, हे त्यानं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजयी वीरासारखा उशिरा उठलो. दोघींपुढं करायचं छोटं भाषणही तयार होतं. स्वयंपाकघराशी आलो तर मामी पडदा धरून उंबऱ्यात उभ्या. धूर नको म्हणून आत जात नव्हत्या.

"भाकर टाक गं," त्या लेकीला सांगत होत्या. "ताजी. अन् वरण कर. वर पान ठेव."

"वरणावर, आई?"

"वरणावर ठेव, भाकरीवर ठेव, कुठं बी ठेव. देवाला दाव अन् आण."

बायको परातीवर वाकली आणि पीठ मळायला लागली. मामी माझ्याकडं वळल्या. "बघायलाव काय, बापू? पानं आणा. अन् मोठं रोप लावा. एवढ्याशा तुळशीनं किती दिस भागंल?"

भाषण गिळून मी अंगणात गेलो.

आता आमच्या मागच्या अंगणात तुळशीच्या कुंड्यांची रांग आहे. मामी बाजाराला आल्या की मी आधी पानं तोडतो आणि मग त्यांची पिशवी उतरवायला जातो. त्या येताना भाकर बांधून आणत नाहीत. ऑपरेशननंतर त्यांना गावी सोडायला जीपपर्यंत गेलो होतो, तेव्हा जीप सुटता सुटता त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, नव्या डोळ्यानं मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बापू, त्यो परदेशी चहा तेवढा परत करू नका. देवानं एकदा खाल्लं, लय झालं."