वाटणीतला सोऱ्या

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा जमीन, विहिरीची पाळी, म्हैस, लोखंडी कपाट सगळं समजुतीनं झालं. अडलं ते सासूबाईंच्या पितळी सोऱ्यावर. थोरल्या जाऊबाईंचीही नजर त्याच्यावर आणि माझीही. वाटणीला बसलेल्या मामेसासऱ्यांना तोवर भुकेनं कासावीस झालं होतं. त्यांनी सोऱ्या हातात घेतला, खोलला आणि न्याय दिला, "नळकांडं थोरलीला. दट्ट्या आन चकत्या धाकटीला. झालं का? वाढा आता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली, कारण निदान तिला अख्खा मिळाला नाही. तिनंही नेमक्या याच कारणासाठी डोलावली असणार.

इतका बारीक न्याय झाल्यावर पुढं दोन्ही घरांत एक शेव पडली नाही. तिनं नळकांड्यात पळ्या-झारे ठेवले. माझा दट्ट्या मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत असायचा. नवा सोऱ्या घेणं काही अवघड नव्हतं, राहुरीच्या बाजारात टांगलेले असतात. पण घेतला असता तर घेणारी हरली असं झालं असतं. मग दोघीही बचत गटाच्या बायकांकडून कुरडया विकत घ्यायचो आणि घरी येऊन त्यांना नावं ठेवायचो.

बोलणंही बंदच होतं. अगदीच बंद म्हणता येणार नाही. मधल्या छातीइतक्या भिंतीपलीकडं तिची म्हैस बांधलेली असायची. मला काही ऐकवायचं असलं की जाऊबाई म्हशीशी बोलायच्या. मी माझ्या कोंबड्यांशी बोलायची. म्हशीला इतकी सवय झाली होती की भिंतीजवळ पावलं वाजली की ती चारा सोडून कान टवकारायची. आमचे हे आणि दीर मात्र एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि घरी आले की काही माहीत नसल्याचा चेहरा करायचे.

यंदा मे महिन्यात जाऊबाईंच्या लेकीचं, माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. मला दोन्ही मुलगेच. ही पोर दहावीपर्यंत माझ्या अंथरुणात झोपली, तिच्या वेण्या मी घातल्या, डोक्यातल्या उवा मी काढल्या. लग्नाला मी जाणारच होते. पण घरचं माणूस म्हणून पदर खोचून जायचं की पाहुणी म्हणून मांडवात खुर्चीवर बसायचं, एवढाच माझा प्रश्न होता. जाऊबाई पापडाच्या मुहूर्ताला बोलावतात का, याकडं मी कान लावून बसले होते.

आली ती पत्रिका. दिरांनी फाटकातूनच ह्यांच्या हातात दिली. सख्ख्या चुलत्याच्या घरी, कुंकू लावून, सहकुटुंब सहपरिवार. मी मोरीत जाऊन रडले आणि मग भांडी जरा जोरातच घासली.

त्यानंतर भिंतीवरून भिजल्या गव्हाचा आंबूस वास यायला लागला. हा वास ज्याला आवडत नाही त्याला आमच्याकडचा उन्हाळा कळलाच नाही असं समजावं. हल्ली रुखवत भाड्यानं मिळतं, थर्माकोलची पालखी, प्लॅस्टिकची फळं, सगळं. पण जाऊबाईंनी ठरवलं होतं की पोरीचं रुखवत घरचंच. पोरीनं लोकरीचं तोरण विणलं होतं, फुटक्या बांगड्यांचा पोपट केला होता. कमी होत्या त्या रंगीत कुरडया.

सोऱ्या जाऊबाई गल्लीतल्या शेजारणीचा आणणार होत्या. पण ऐन चीक शिजवायच्या दिवशी कळलं की शेजारीण सोऱ्या घेऊन तिसगावला लेकीकडं गेलीय. चीक तर चुलीवर रटरटायला लागलेला. तो गरम आहे तोवरच दाबावा लागतो, निवला की त्याचा नुसता गोळा.

मी भिंतीआडून सगळं बघत होते. जाऊबाईंनी नळकांड्यातले झारे काढले, खाली डब्याचं भोकं पाडलेलं झाकण धरलं, चीक भरला आणि वरून लाटणं घातलं. लाटणं बारीक, नळकांडं रुंद. जोर दिल्याबरोबर चीक खालून यायच्या ऐवजी वरून आला. कोपरापर्यंत हात, पोलकं, थोडा कपाळावर. मला हसू आलं, पण पुरतं हसवेना, कारण तो गुलाबी चीक माझ्या पोरीच्या रुखवताचा होता.

जाऊबाई म्हशीला म्हणाल्या, "बघ बये. लोकांकडं दट्ट्या हाय, पर चीक गार व्हतोय हे काय त्यांना दिसत न्हाई."

मी कोंबड्यांना म्हणाले, "ज्याला पायजे त्यानं तोंडानं मागावं."

म्हशीनं इकडं पाहिलं. मग भिंतीपलीकडून आवाज आला, "ये गं. हात भाजला माझा."

मी दारातला दट्ट्या ओढला, चकत्या घेतल्या, आणि मागं दार धाडकन आपटलं तरी वळून बघितलं नाही.

दट्ट्या घासून, तेल लावून नळकांड्यात घातला. सुर्रकन बसला. पातेली झाकून गच्चीवर नेली. जाऊबाई ढवळायच्या आणि भरून द्यायच्या, मी तिथल्या कागदावर दाबायची. बोलणं कामापुरतंच. "तेल लाव." "लई घट आलाय." "वेटोळं नीट घाल." ऊन असं की पायाखाली गच्ची तापलेली. गुलाबी झाल्या, हिरव्या झाल्या, पिवळ्या झाल्या. शेवटी त्यांनी उरलेला गरम चीक वाटीत घातला आणि माझ्यापुढं सरकवला. त्यांच्याकडं सगळे दूध-साखर घालून खातात. माझ्या वाटीत तेल-मीठ होतं, मला लागतं तसं. मला फार बरं वाटलं, पण मी ते दाखवलं नाही.

दट्ट्या धुऊन निघाले तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे हितंच."

माझं डोकं सणकलं. म्हटलं, गोड बोलून वाटणी फिरवायचा बेत आहे. "तो आमच्या वाट्याला आलाय," मी म्हणाले.

"दट्ट्या घाल चुलीत," त्या म्हणाल्या. "तू ऱ्हा म्हनते मी. उद्या पापडाचा मुहूर्त हाय. पोरगी कवापास्नं विचारतीय, काकू कधी येनार म्हनून. मी काय सांगू तिला?"

मी परत पदर खोचला आणि पातेलं घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी आमचे हे राहुरीहून स्टीलचा नवाकोरा अख्खा सोऱ्या घेऊन आले. पापड लाटणाऱ्या बायकांच्या मधोमध ठेवून म्हणाले, "घ्या. आता भांडायला कारनच न्हाई." आम्ही दोघींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते चहा न घेताच टपरीवर गेले. तो सोऱ्या दोघींनाही नको होता. शेवटी जाऊबाईंनी तो रुखवतात मांडला.

लग्नात बायका रुखवत बघत होत्या. म्हणत होत्या, पोरीनं नशीब काढलं, नवरा एकुलता एक, जाऊ नाही की नणंद नाही, कशाची वाटणी म्हणून व्हायची नाही. पोरगी कुरडयांमागं उभी राहून हसत होती. खरं सांगते, मला तिची दया आली. मी जाऊबाईंच्या कानात म्हणाले, "अख्खा सोऱ्या दिला आपन. पर दाबायला लागली की चीक कोन भरून देनार तिला?"

जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले. "गहू भिजवल्याचा फोन येऊ दे तिचा," त्या म्हणाल्या, "आपन दोघी हाय की."